रात्री उशा किती लागतात?

पहिला प्रश्न मी कधीच ‘बरं आहे का?’ असा विचारत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. ‘बरंय’, ‘ठीक चाललंय’, ‘देवाची कृपा’. छातीत पाणी भरत आलेला माणूसही फोनवर ‘बरंय’च म्हणतो. परक्या बाईला काय सांगायचं? म्हणून हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या पेशंटला मी विचारते, ‘रात्री झोपताना उशा किती लागतात?’ एक म्हणाले तर ठीक. दोन म्हणाले तर पुढचा प्रश्न, ‘गेल्या आठवड्यात किती लागत होत्या?’ आणि ‘उशीचं काय नाही, मी आपला खुर्चीतच बसल्या बसल्या डोळा लावतो’ असं कोणी म्हणालं, की मी त्यांच्या मुलाचा नंबर शोधायला लागते. आडवं झाल्यावर श्वास लागतो, म्हणजे फुफ्फुसांत पाणी साठतंय. माणूस हे सांगत नाही, उशांचा आकडा सांगतो.

मी एका आरोग्य विमा कंपनीसाठी केस मॅनेजर म्हणून काम करते. ऑफिस मुंबईत, टीम लीडर पुण्यात, सोबतच्या दोघी नागपूर आणि कोल्हापूरला, आणि मी नाशिकला, मखमलाबाद रोडवरच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत. टेबल, लॅपटॉप, जोडीला दुसरा स्क्रीन, कानाला हेडफोन, दाराला आतून कडी. टेबलावर वही-पेन ठेवायला परवानगी नाही, मोबाइल बाहेरच्या खोलीत. पेशंटची माहिती कागदावर उतरू नये म्हणून हा नियम, आणि तो मला पटलेला आहे. सकाळी साडेनऊला लॉगिन केलं की यादी उघडते. काल कोण ॲडमिट झालं, आज कोणाचा डिस्चार्ज आहे, कोणाला घरी जाऊन तीन दिवस झाले, कोणाच्या डायलिसिसचं बिल या आठवड्यात आलंच नाही.

फोन उचलल्यावरचं पहिलं अर्धं मिनिट सगळ्यात अवघड. बोलणारा माणूस तोच आहे ना, याची मला खात्री करावी लागते, म्हणून जन्मतारीख विचारायची. आणि मी कोण आहे याची त्याला खात्री नसते. फसवणुकीचे फोन इतके येतात, की ‘विमा कंपनीतून बोलतेय’ म्हटल्याबरोबर पलीकडचा आवाज आक्रसतो. ‘ओटीपी सांगणार नाही,’ एक आजोबा मी काही विचारायच्या आधीच म्हणाले. मी म्हटलं, ‘सांगूच नका. कोणालाच सांगू नका. मी तुमच्या टाक्यांबद्दल विचारायला फोन केलाय.’ तरी ते म्हणाले, ‘थांबा, पॉलिसीच्या कार्डावरच्या नंबरवर मी फोन करतो आणि तुमची चौकशी करतो.’ आणि खरंच केला, बराच वेळ लाइनवर थांबून. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

या कामाआधी अकरा वर्षं मी आयसीयूत होते. पदवीवर शिक्का म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. १९९८ पासून राज्यभरातल्या वैद्यकीय आणि नर्सिंग कॉलेजांच्या परीक्षा आमच्या गावातून चालतात, आणि मी ज्या गावात शिकले त्याच गावात नोकरीला लागले. आयसीयूत सगळं हातांचं काम. कपाळाला हात लावला की ताप साधारण किती ते कळायचं. नडगीवर बोट दाबून सोडलं की खळगा किती वेळ टिकतो त्यावरून सूज समजायची. पेशंट घाबरला असेल तर तळहात गार लागायचा. पेशंट उचलता-वळवताना माझी कंबर गेली. मणक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वाकून वजन उचलणं बंद. आयसीयूतल्या नर्सला असं सांगणं म्हणजे नोकरी सोड म्हणणंच. २०२१ मध्ये कॉलेजच्या एका मैत्रिणीने या कामाचं सुचवलं.

ट्रेनिंगचे तीन आठवडे मुंबईला जाऊन-येऊन केले, पंचवटी एक्स्प्रेसने. १९७५ पासून ही गाडी नाशिककरांना सकाळी मुंबईला नेते आणि रात्री परत आणून सोडते. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई बावीस वर्षं पासधारक होत्या. ‘तुम्हाला घरून करायला मिळणार?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्या कसारा घाट संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

हे काम घ्यावंसं वाटलं त्याला कंबरेइतकंच आणखी एक कारण होतं. २०१८ मध्ये माझ्या वडिलांचं, नानांचं, ऑपरेशन झालं. पॉलिसी तीन लाखांची, त्यात खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. आम्ही खोली घेतली ५,००० ची, आईला रात्री नीट आडवं होता यावं म्हणून. वाटलं, वरचे दोन हजार खिशातून देऊ. डिस्चार्जच्या दिवशी कळलं की गणित तसं नसतं. बहुतेक हॉस्पिटलांत खोलीच्या वर्गाप्रमाणे डॉक्टरांच्या व्हिजिटचे, ऑपरेशन थिएटरचे, भुलीचे दरही चढतात, त्यामुळे मर्यादेबाहेरची खोली घेतली तर त्या प्रमाणात या बाकीच्या खर्चांनाही कात्री लागते. आमचा हक्क पाचातल्या तीन भागांचा. औषधं सोडून उरलेलं बिल १,२०,००० रुपयांचं होतं, त्यातले ४८,००० कापले गेले. आणि ती मंजुरी यायला सकाळी अकरापासून रात्री नऊ वाजले. नाना सकाळीच कपडे बदलून, डोक्याला टोपी घालून पलंगाच्या कडेला बसले होते. मी स्वतः नर्स. अकरा-अकरा तास ड्युटी करणारी. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी कोणीतरी एक फोन करून सांगायला हवं होतं, की ३,००० च्या आतली खोली घ्या, आईंची सोय वेगळी बघा. दोन मिनिटांचा फोन.

तो फोन आता मी करते. ठरवून केलेल्या ऑपरेशनची पूर्वमंजुरी आली की त्याच दिवशी. खोलीची मर्यादा किती, को-पे, म्हणजे बिलातला आपण भरायचा ठरलेला हिस्सा, आहे का, मोतीबिंदूला वेगळी मर्यादा आहे का, हे पॉलिसी उघडून वाचून सांगते. नियमही तेव्हापेक्षा सुधारलेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या मे महिन्यात परिपत्रक काढलं. त्यानुसार कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यायचा, आणि हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती आल्यावर अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यापायी जादा पैसे लावले तर ते कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचे. डिस्चार्जच्या दिवशी घड्याळाकडे बघताना मला दर वेळी नानांची टोपी आठवते.

क्लेम मंजूर करणं किंवा नाकारणं माझ्या हातात नाही, ती टीम वेगळी. माझं काम माणूस घरी गेल्यावर खरं सुरू होतं. डिस्चार्जनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी फोन करते आणि म्हणते, ‘घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या एका ताटात घ्या.’ जुन्या, नव्या, फ्रिजवरच्या, देवघराच्या खणातल्या, शेजारच्यांनी दिलेल्या. मग एकेक पाकीट वाचायचं. पुष्कळ घरी इंग्रजी वाचायला नातवंडं बसवावी लागतात. नाशिकरोडच्या एका घरात चौथीतली नात एकेक अक्षर मोठ्याने वाचत होती आणि मी इकडे टाइप करत होते. दोन वेगळ्या कंपन्यांची, वेगळ्या नावांची दोन पाकिटं, आणि दोन्हींच्या मागे बारीक अक्षरांत तेच, टेल्मिसार्टन. आजोबा बीपीची जुनी गोळी सकाळी आणि हॉस्पिटलने दिलेली नवी रात्री घेत होते. दोन दिवसांपासून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे त्यांनी अशक्तपणावर ढकललं होतं. त्या दिवशी डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. बाथरूममध्ये पडून मांडीचं हाड मोडलं असतं तर पुढचे सहा महिने त्या घराचं काय झालं असतं, ते मी आयसीयूत अनेकदा पाहिलंय. इथे काहीच झालं नाही. नातीची शाळा बुडली नाही, आजोबांची भाकरी चुकली नाही, कोणाला काही कळलंही नाही.

स्क्रीनवर प्रश्नांची यादी येते. यादी चांगली आहे, अनुभवी माणसांनी केली आहे. पण ती मुंबईत बसून केली आहे, आणि माझे बरेच पेशंट नाशिक जिल्ह्यातले. ‘झोपण्यापूर्वीची गोळी वेळेवर घेता का?’ असा त्यात एक प्रश्न आहे. निफाडकडचा शेतकरी मळ्यात राहतो. मोटारीला थ्री फेज वीज रात्री मिळत असेल तर त्या आठवड्यात तो रात्रभर पाणी भरतो आणि सकाळी आठला झोपतो. त्याला ‘झोपण्यापूर्वी’ म्हणजे कधी? ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी निघाली की महिनाभर फॉलो-अपला कोणी येत नाही, पावसाळी हवा झाली की फवारणीमुळे येत नाही. श्रावण लागला की मी शुगरवाल्यांना आधीच फोन करते. दिवसभर उपास आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, आणि इन्सुलिन मात्र नेहमीएवढंच, हा सगळ्यात धोक्याचा मेळ. उपास सोडा असं मी म्हणत नाही. ते माझं काम नाही आणि कोणी ऐकणारही नाही. मी म्हणते, ‘उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या, आणि खिचडीऐवजी भगर-आमटी, राजगिरा चालेल का ते बघा.’ इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा म्हटलं तर एका घरी बर्फाच्या कप्प्यात ठेवलं होतं. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. आता मी ‘भाजीच्या कप्प्याजवळ’ असं सांगते. आणि जिथे वीज भरवशाची नाही तिथे माठ. ओल्या फडक्यातला मातीचा माठ एप्रिलच्या उन्हातही आत गार राहतो, हे शिकायला मला परिपत्रक लागलं नाही.

माझी आई सटाण्याकडची. बागलाणातला, कळवणचा पेशंट असला आणि आवाज अडखळला की मी हळूच अहिराणीत वळते. एकदा ‘शे’ कानावर पडलं की माणूस खुर्ची ओढून बसल्यासारखा बोलतो.

आता मावशींचं सांगते. माणूस ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदललेत, पण जे घडलं ते असंच.

त्यांचा मुलगा अंबडच्या एका कारखान्यात. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडिलांचाही समावेश होता. मावशींचं वय साठीच्या अलीकडे, पंपिंग तीस टक्के. सहा महिन्यांत तीनदा ॲडमिट. दर वेळी छातीत पाणी, दोन दिवस आयसीयू, शिरेतून पाणी काढायचं औषध, चार दिवसांनी घरी. तिसऱ्या डिस्चार्जनंतर ती केस माझ्याकडे आली. गोळ्या घेता का? घेते. अंगातलं पाणी काढणारी लघवीची गोळी? घेते की. मीठ? कमी केलंय. घरीच असता ना, आराम आहे ना? ‘घरीच असते हो. मुलगा बाहेर पडूच देत नाही.’ सगळी उत्तरं बरोबर. मग सूज का चढते?

तिसऱ्या फोनला, सकाळी अकराच्या सुमाराला, त्यांच्या मागून एका बाईचा आवाज आला. ‘मेथी कशी दिली?’ आणि मावशींनी हातातला फोन विसरून उत्तर दिलं, ‘पंधराला जुडी, दोन घ्या पंचवीसला.’ मग एकदम शांतता. मी काहीच म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, ‘दादाला सांगू नका.’

मी विचारलं, ‘मावशी, बाजारात लघवीला कुठे जाता?’

अकरा वर्षांच्या नोकरीत आणि या नोकरीतल्या कुठल्याच यादीत मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्या हसल्या आणि मग बोलायला लागल्या. पहाटे पाचला निघायचं, दुपारी एकपर्यंत बसायचं. जवळचं स्वच्छतागृह लांब, आत पाऊल टाकवत नाही असं, आणि माल सोडून जायचं तर लक्ष कोणी ठेवायचं? लघवीची गोळी सकाळी घेतली की दोन-तीन तास सारखं जावं लागतं. म्हणून बाजाराच्या दिवशी गोळी नाही. आणि बाजार आठवड्यातून सहा दिवस. पाणीही प्यायच्या नाहीत. घसा कोरडा पडला की तोंडात खारातली मिरची धरायच्या, तोंडाला पाणी सुटतं म्हणून. मीठ कमी केलंय हे त्या मनापासून सांगत होत्या, कारण भाजीत कमी केलंच होतं.

त्यांची फाइल तेव्हा माझ्यासमोर उघडी होती. तीन ॲडमिशन, तीन डिस्चार्ज समरी, इको, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट. तिन्ही ठिकाणी एकच शेरा, रुग्ण औषधं नियमित घेत नाही. ते खरंही होतं. का घेत नाही, एवढंच कोणी लिहिलेलं नव्हतं.

गोळीची वेळ बदलणं माझ्या अधिकारात नाही. मी त्यांच्या हृदयविकाराच्या डॉक्टरांच्या ओपीडीत फोन लावला, तिथल्या सिस्टरने निरोप पोचवला, आणि संध्याकाळी डॉक्टरांचाच फोन आला. दुपारी घरी गेल्या गेल्या घेतली तर चालेल, दोनच्या पुढे नको, नाहीतर रात्री झोपमोड होईल. इतकंच. दीड मिनिट. मग वजनाचा प्रश्न आला. अशा पेशंटने रोज सकाळी एकाच वेळी वजन करायचं असतं. एका दिवसात किलोपेक्षा जास्त वाढलं किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर गेलं तर ती चरबी नव्हे, पाणी असतं, आणि पायांवर दिसण्याआधी ते काट्यावर दिसतं. ‘घरात काटा आहे का?’ ‘घरात कुठला? यार्डात आहे की.’ पंचवटीच्या मार्केट यार्डात पहाटे माल घ्यायला गेलं की एका आडत्याच्या मोठ्या वजनकाट्यावर, जिथे पोती चढतात, तिथे त्या चपला काढून उभ्या राहायला लागल्या. हमाल आकडा मोठ्याने सांगायचा. ‘अठ्ठावन्न दोनशे.’ साडीचं वजन धरून, पण रोज साडी असतेच, त्यामुळे फरक कळायला अडचण नाही. आणि दिवसभरासाठी एक खूण ठरवली, पायातली जोडवी. ती फिरली पाहिजेत. रुतायला लागली, बोटावर वळ उठला, की मला नाही, थेट दवाखान्यात फोन.

चार महिने दर आठवड्याला मी फोन करत होते. ‘उशा?’ ‘एक.’ ‘आकडा?’ ‘अठ्ठावन्न.’ ‘जोडवी?’ ‘फिरतात.’ कधी कधी फोन इतकाच व्हायचा. मग त्या मला भाजीचे भाव सांगायच्या. त्यांच्या वाक्यात श्वासासाठी थांबणं किती वेळा येतं ते मी मनात मोजत असे. हाताची जागा आता कानाने घेतली आहे. आधी वाक्य तीन ठिकाणी तुटायचं, मग एका ठिकाणी, मग नाहीच. मुलाला त्यांनी शेवटी स्वतःच सांगितलं. तो चिडला, दोन दिवस बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याने बाजारात बसायला पाठ असलेली खुर्ची आणून दिली.

सगळ्या केस अशा होत नाहीत. एक अशी आहे की जी मला आजही सलते, आणि ती लिहिल्याशिवाय हे लिखाण खरं होणार नाही.

एक निवृत्त गृहस्थ, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. पॉलिसीचं तिसरं वर्ष. बोलता बोलता म्हणाले, ‘शुगर ना, सहा-सात वर्षं झाली असतील.’ पॉलिसीच्या अर्जावर मधुमेहापुढे ‘नाही’ होतं. अर्ज एजंटने भरला होता, यांनी सही केली होती. फोन रेकॉर्ड होत होता, तसं मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, पण रोज शंभर वेळा म्हटल्यासारखं, भरभर. मी नोंद केली. ती करणं मला बंधनकारक होतं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला शुगरचं कळायलाच हवं होतं. पूर्वमंजुरी नाकारली गेली. त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. ‘ताई, मी तुम्हाला घरचं समजून सांगितलं.’

मी त्यांना पुढचा मार्ग सांगितला. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्यायचं, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायचं, वर्षाच्या आत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. पाच वर्षं सलग पॉलिसी चालू राहिली असती तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय या कारणावरून नाकारता आलं नसतं, हा नियमही मला माहीत होता, पण त्यांची दोनच वर्षं पूर्ण झाली होती, तेव्हा तो सांगून काय उपयोग. मी खोटं लिहायला हवं होतं असं मला वाटत नाही. पण ते ‘घरचं’ म्हणाले होते, आणि मी घरची नव्हते, हे त्यांना आधी नीट कळायला हवं होतं. ती चूक माझी. तेव्हापासून रेकॉर्डिंगचं वाक्य मी सावकाश म्हणते, आणि पुढे माझं एक वाक्य जोडते, ‘तुम्ही सांगाल ते मी लिहिणार आहे, हे लक्षात ठेवून सांगा.’ त्याने काही जण गप्प होतात. झाले तर होवोत. आणि ओळखीतलं कोणी नवी पॉलिसी घेताना दिसलं की मी हात धरून सांगते, अर्ज स्वतः भरा. बीपीची साधी गोळी चालू असेल तरी लिहा. आधीच्या आजारासाठी आता जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. ती तीन वर्षं परवडतात, तो ‘नाही’ परवडत नाही.

आमच्या सोसायटीत मी काय करते ते फारसं कोणाला माहीत नाही. ‘ती घरीच असते’ असं म्हणतात. कुरिअर घ्यायला, गॅस सिलेंडरवाल्याला दार उघडायला माझं नाव पुढे केलं जातं. सुरुवातीला मला त्याचं वाईट वाटायचं. मावशीही मला ‘घरीच असते’ म्हणाल्या होत्या, ते आठवलं की आता वाटत नाही. सासूबाई मात्र दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि माझ्या वेळेत बेल वाजू देत नाहीत. घंटागाडी आली की बादली घेऊन स्वतः जातात. त्यांना आतलं काही ऐकू येत नाही आणि मी काही सांगू शकत नाही, पण संध्याकाळी दार उघडलं की माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या आधी चहा टाकतात. एखाद्या दिवशी यादीतलं एक नाव राखाडी होतं. त्या नावापुढचे सगळे ठरलेले फोन आपोआप पुसले जातात. त्या दिवशी चहात आलं जास्त असतं. त्यांना कसं कळतं, मला माहीत नाही.

महिन्याच्या रिपोर्टमध्ये रकाने असतात. किती फोन केले, किती लागले, किती जण तीस दिवसांच्या आत पुन्हा ॲडमिट झाले. मावशींच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात शून्य होतं, आणि चार महिन्यांनी केस बंद करायची वेळ आली. त्या चौथ्यांदा ॲडमिट झाल्या असत्या हे मी कोणालाही सिद्ध करून दाखवू शकत नाही. आयसीयूत वाचलेला पेशंट समोर दिसायचा, चालत दारातून बाहेर पडायचा, नातेवाईक पेढे आणायचे. इथे जे घडलं नाही ते माझं काम. नात शाळेत गेली, मुलगा शिफ्टला गेला, मावशी बाजारात बसल्या. मी शेवटचा फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘सिस्टर, तुम्ही कुठं राहता?’ मी म्हटलं, ‘सांगता येत नाही, मावशी.’ ‘लांब असाल,’ त्या म्हणाल्या. मी हो-नाही काहीच म्हटलं नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका बुधवारी सुट्टी होती म्हणून मी गोदाकाठच्या आठवडे बाजाराला गेले. पाऊस नुकता उघडला होता, नदीला गढूळ पाणी. लसूण घेतला, हिरव्या मिरच्या घेतल्या, आणि पुलाच्या बाजूला वळले तर मागून आवाज आला, ‘पंधराला जुडी, दोन घ्या पंचवीसला.’

मी जागच्या जागी थांबले. तो आवाज मला माझ्या बहिणीच्या आवाजाइतका ओळखीचा होता आणि तो चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मनात मी त्यांना उंच समजत होते. बाई बुटक्या होत्या, कपाळावर मोठं कुंकू, पाठ असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या, समोर पोत्यावर मेथी आणि कोथिंबीर. एका गिऱ्हाइकाशी घासाघीस चालली होती. मी मोजलं. पूर्ण वाक्य, मग दुसरं, मग हसणं. कुठेही तुटलं नाही.

मग मी खाली बघितलं. चपला बाजूला काढून ठेवलेल्या. पाय ओले, टाचांना भेगा, आणि घोट्याचं हाड दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसत होतं. बोलता बोलता त्यांनी एक पाय दुसऱ्या पायावर घेतला आणि अंगठ्याशेजारच्या बोटातलं जोडवं सवयीने फिरवलं. ते फिरलं.

‘काय देऊ ताई?’

भर बाजारात, शेजारणींच्या देखत, मी तोंड उघडलं असतं तर पहिल्या शब्दाला त्यांनी मला ओळखलं असतं. मी दोन बोटं वर केली आणि मेथीकडे दाखवलं. त्यांनी दोन जुड्या निवडून दिल्या. मी पंचवीस रुपये पुढे केले. त्यांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं, मला बोलता येत नसावं असं त्यांना वाटलं असेल, आणि खूप सावकाश, ओठ मोठे हलवत म्हणाल्या, ‘कोथिंबीर. घ्या. असू द्या.’ मूठभर कोथिंबीर त्यांनी माझ्या पिशवीत वरून ठेवली.